सहा सामने बरोबरीत, तरी विजेते: एनएफएलचा १९३२ चा हंगाम

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, १९३२ चा गुणतक्ता पहिल्यांदा पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटावी असा आहे. ग्रीन बे पॅकर्स: १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. शिकागो बेअर्स: ७ विजय, १ पराभव, ६ बरोबरी. आणि विजेतेपद बेअर्सकडे. तीन सामने जास्त जिंकलेला संघ दुसरा आणि चौदापैकी सहा सामन्यांत निकालच न लागलेला संघ पहिला.

अमेरिकन फुटबॉलच्या गप्पांत हा हंगाम निघतो तो बहुतेक वेळा एका रात्रीसाठी. बाहेर बर्फ पडला म्हणून विजेतेपदाचा सामना छपराखाली, सर्कशीच्या मातीवर खेळावा लागला, ती रात्र. ती विलक्षण होतीच. पण माझ्या मते तिचं मोल आधीच्या तीन महिन्यांमुळे वाढलं. खेळ इतका अडला होता की मैदान आखूड पडलं तेव्हा केलेल्या तडजोडी मूळ नियमांपेक्षा बऱ्या निघाल्या. एनएफएल पुढे कॉलेज फुटबॉलपासून वेगळी झाली, त्याची खरी सुरुवात इथे आहे.

आधी लीगची अवस्था. महामंदीचा तो सर्वांत वाईट काळ. फ्रँकफर्ड, प्रोव्हिडन्स आणि क्लीव्हलँड हे १९३१ मधले संघ गेले होते. बोस्टन ब्रेव्हज नावाचा एक नवा आला. त्याच्या मालकांपैकी जॉर्ज प्रेस्टन मार्शल हे वॉशिंग्टनमधल्या लाँड्रीच्या धंद्यातले गृहस्थ, त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे. एकूण संघ उरले आठ. लीगच्या इतिहासात यापेक्षा कमी संघ कधीच नव्हते. शिकागोचे बेअर्स आणि कार्डिनल्स, ग्रीन बे, ओहायोतलं पोर्ट्समथ, न्यूयॉर्क, ब्रुकलिन, स्टेटन आयलंड आणि बोस्टन. वेळापत्रकही एकसारखं नसे. कुणी दहा सामने खेळे, कुणी चौदा. म्हणून क्रमवारी गुणांवर नाही, टक्केवारीवर ठरे.

सगळा घोळ या टक्केवारीत होता. विजय भागिले विजय अधिक पराभव, एवढंच गणित. बरोबरीचा सामना हिशेबातच धरायचा नाही, जणू तो खेळलाच गेला नाही. त्यामुळे हरण्यापेक्षा बरोबरी कितीतरी फायद्याची आणि पुढे असलेल्या संघाला तर ती जवळजवळ फुकटच. दहा जिंकून तीन हरलेल्या पॅकर्सची टक्केवारी ०.७६९ आणि सात जिंकून एकच हरलेल्या बेअर्सची ०.८७५. बरोबरीला अर्धा विजय मानायची पद्धत एनएफएलने १९७२ मध्ये आणली. ती १९३२ ला लावली तर पॅकर्स ०.७५० आणि बेअर्स ०.७१४, म्हणजे विजेतेपद ग्रीन बेला, तेही सलग चौथं, कारण १९२९, १९३० आणि १९३१ ही तिन्ही वर्षं त्यांचीच होती. तरीही मागाहूनचा नियम मागच्या वर्षाला लावून बेअर्सचं विजेतेपद कमी लेखणं मला पटत नाही. सगळे संघ नियम माहीत असताना खेळत होते. चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या) धोका पत्करायचा की चेंडू लांब लाथाडून बरोबरीवर समाधान मानायचं, हे प्रत्येक प्रशिक्षक तीच टक्केवारी डोळ्यांसमोर ठेवून ठरवत होता.

बेअर्सची सुरुवात बघा. ग्रीन बेशी ०-०. स्टेटन आयलंडशी ०-०. कार्डिनल्सशी ०-०. चौथा सामना पुन्हा ग्रीन बेशी, त्यात ०-२ ने हार. चार सामने झाले तरी बेअर्सचा एक गुण नाही, आणि त्यांच्याविरुद्ध झालेले दोन गुणही सेफ्टीचे, म्हणजे चेंडू स्वतःच्याच एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) अडकल्याचे. हा काही दुबळा संघ नव्हता. त्यात ब्रॉन्को नागुर्स्की होता, शंभर किलोंच्या वरचा, चेंडू घेऊन धडक मारणारा फुलबॅक, ज्याला अडवायला दोघं-तिघं लागत. रेड ग्रेंज होता. १९२७ च्या गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा जुना वेग गेला होता, तरी बचावात आणि पास झेलण्यात तो पक्का होता. प्रशिक्षक राल्फ जोन्स यांनी टी फॉर्मेशनमध्ये (खेळाडूंच्या टी आकाराच्या मांडणीत) एका खेळाडूला चाल सुरू होण्याआधीच आडवं पळवायची युक्ती बसवली होती. एवढं असून शून्य, शून्य, शून्य.

असं का होत होतं, हे कळायला त्या वेळचे तीन नियम नीट पाहावे लागतात. एनएफएलचं स्वतःचं नियमपुस्तक तेव्हा जवळजवळ नव्हतंच, कॉलेजांचे नियम तसेच्या तसे उचललेले होते.

पहिला नियम पासचा. पुढे पास टाकणाऱ्याने स्क्रिमेज रेषेच्या, म्हणजे चाल सुरू होताना चेंडू असतो त्या आडव्या रेषेच्या, किमान पाच यार्ड मागे असलं पाहिजे. म्हणजे चेंडू घेतलेला खेळाडू मागे सरकला की पास, पुढे झेपावला की धाव, हे बचावाला लगेच कळे. धावतोय असं भासवून ऐनवेळी पास टाकणं हीच आक्रमणाची खरी ताकद, आणि नेमकी तीच या नियमाने काढून घेतली होती. गोलरेषेजवळ तर फारच अडचण. दोन यार्ड उरलेले असताना पाच यार्ड मागे जायचं म्हणजे बचावाला आधी वर्दी देणं. त्यात चेंडूही आजच्यापेक्षा जाडा. त्याचा मधला घेर १९३४ मध्ये २१¼ ते २१½ इंचांवर आणला, तेव्हा कुठे तो मुठीत नीट बसून फिरकी घेत जाऊ लागला.

दुसरा नियम चेंडू कुठे ठेवायचा याचा. चाल जिथे संपली तिथूनच पुढची चाल. धावणारा खेळाडू कडेच्या रेषेला लागून पडला तर चेंडूही कडेलाच. आता या जागेवरून चाल रचायची म्हणजे काय होतं ते बघा. सात जणांची पुढची फळी चेंडूच्या दोन्ही बाजूंना वाटून उभी करायची असते. एका बाजूला जागाच नाही, म्हणून सगळे दुसऱ्या बाजूला. बचावाला ठाऊक, की चाल जाणार ती एकाच दिशेला. मग आक्रमण करणारा संघ काय करी? एक डाउन खर्ची घालून चेंडू नुसता मैदानाच्या मध्याकडे नेई. यार्ड मिळोत न मिळोत, जागा मिळाली म्हणजे झालं. दहा यार्डांसाठी हातात चारच डाउन, त्यातलं एक असं वाया. उरलेल्या तिनांत जमलं नाही तर पंट, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकणं.

तिसरा नियम गोलखांबांचा. १९२७ पासून खांब एंड झोनच्या मागच्या रेषेवर होते, गोलरेषेच्या दहा यार्ड मागे. ३० यार्डांच्या रेषेवर अडकलेल्या संघाला फील्ड गोल (खांबांमधून किक मारून मिळवायचे गुण) मारायचा तर हे दहा यार्ड वाढत आणि किकसाठी चेंडू मागे ठेवावा लागे ते अंतर वेगळंच. म्हणजे जवळपास ४७-४८ यार्डांची किक. ओल्या मैदानावर, जड झालेल्या चेंडूने तिचा प्रयत्न क्वचितच कुणी करी.

या तिन्हींचा परिणाम म्हणजे पंटची लढाई. स्वतःच्या भागात अडकलात तर तिसऱ्या, कधी दुसऱ्याच डाउनला चेंडू लांब लाथाडायचा आणि समोरच्याने घोटाळा करायची वाट पाहायची. संघात जेमतेम वीसेक खेळाडू, तेच आक्रमणाला आणि तेच बचावाला, आणि बाहेर गेलेल्याला लगेच परत येता येत नसे. दमलेली माणसं धोका पत्करत नाहीत. १९३२ मध्ये प्ले-ऑफ धरून ४८ सामने झाले, त्यांतले १० बरोबरीत सुटले. पाचांतला एक म्हणा. मंदीत पदरचे पैसे मोडून आलेल्या माणसाला ०-० दाखवून घरी पाठवायचं, हे कुठल्याही मालकाला परवडणारं नव्हतं.

या सगळ्यात माझा जीव सर्वांत जास्त गुंततो तो पोर्ट्समथमध्ये. ओहायो नदीकाठचं पोलाद आणि बुटांच्या कारखान्यांचं गाव, वस्ती चाळीस-बेचाळीस हजार, आणि संघ स्पार्टन्स. १९३१ मध्ये पॅकर्स १२-२ (१२ विजय, २ पराभव) आणि स्पार्टन्स ११-३ असे संपले. शेवटी ग्रीन बेने पोर्ट्समथला येऊन एक सामना खेळायचा असं कच्चं ठरलं होतं. स्पार्टन्स तो जिंकले असते तर दोघेही १२-३. पॅकर्सनी यायलाच नकार दिला, आणि सामना कच्चाच ठरलेला असल्याने लीगचे अध्यक्ष जो कार यांनी त्यांना भाग पाडलं नाही. विजेतेपद घरबसल्या ग्रीन बेला गेलं.

४ डिसेंबर १९३२ ला पॅकर्सना पोर्ट्समथला यावं लागलं. तोवर ते १०-१-१ (विजय-पराभव-बरोबरी) होते. स्पार्टन्सचे प्रशिक्षक पॉट्सी क्लार्क यांनी त्या दिवशी अकराच खेळाडू वापरले. साठ मिनिटं, आक्रमण आणि बचाव, एकही बदली नाही. निकाल १९-० स्पार्टन्स. हा सामना ‘आयर्न मॅन गेम’ म्हणून ओळखला जातो आणि ते नाव त्याला शोभतं.

आता पुन्हा टक्केवारी. या विजयानंतर स्पार्टन्स ६-१-४, म्हणजे ०.८५७, आणि त्यांचा हंगाम संपलेला. पॅकर्सचा बेअर्सशी एक सामना बाकी. समजा पॅकर्स तो जिंकले असते, तर ११-२-१, म्हणजे ०.८४६. अकरा विजय मिळवूनही ते सहा विजयांच्या पोर्ट्समथच्या मागेच राहिले असते! या हंगामाच्या गोष्टी सांगताना ही आकडेमोड सहसा कुणी करत नाही, पण पद्धत किती बिघडली होती हे दाखवायला तीच पुरेशी आहे. बेअर्स त्या सामन्यात हरले किंवा बरोबरीत राहिले तर पोर्ट्समथ थेट विजेते. बेअर्स जिंकले तरच पेच. ११ डिसेंबरला बर्फात बेअर्स ९-० ने जिंकले आणि ६-१-६ झाले. टक्केवारी तीच, ०.८५७. दोघांचे आपसांतले दोन सामनेही १३-१३ आणि ७-७ असे बरोबरीत सुटलेले.

बरोबरी फोडायचा नियम नव्हता. म्हणून एक जादा सामना ठरला. त्याला अंतिम सामना म्हणायची पद्धत पडली आहे, पण तांत्रिकदृष्ट्या तो नियमित हंगामातलाच सामना होता आणि त्याचा निकाल गुणतक्त्यात धरला जाणार होता. पोर्ट्समथला हे महागात पडलं. हरल्यावर त्यांचा हिशेब ६-२-४, म्हणजे ०.७५० झाला आणि ते पॅकर्सच्याही खाली, तिसऱ्या क्रमांकावर गेले. जादा सामना खेळलाच नसता तर निदान संयुक्त पहिले राहिले असते.

शिवाय त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू त्या रात्री नव्हता. अर्ल ‘डच’ क्लार्क, त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक ५५ गुण मिळवलेला टेलबॅक (चेंडू घेऊन धावणारा आणि पास टाकणारा खेळाडू), ड्रॉप किकचा, म्हणजे टप्पा पाडून चेंडू लाथाडण्याचा, उस्ताद. १९३२ पासूनच लीगने अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली, तिच्या पहिल्याच यादीत गुणांत त्याचं नाव वर आहे. कोलोरॅडो कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला शिकवायची नोकरी त्याने धरली होती आणि कॉलेजने त्याला सोडलं नाही. व्यावसायिक फुटबॉलची तेव्हाची पत एवढीच होती. त्याच्या जागी ग्लेन प्रेस्नेल खेळला.

सामना १८ डिसेंबरला रिग्ली फील्डवर व्हायचा होता. बर्फ आणि कडाक्याच्या थंडीने ते मैदान निकामी झालं. बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी तो शिकागो स्टेडियममध्ये हलवला, जिथे एरवी आइस हॉकी चाले. बेअर्स १९३० मध्ये तिथे कार्डिनल्सविरुद्ध धर्मादाय सामना खेळलेले होते, त्यामुळे जागेची कल्पना होती. नुकतीच तिथे सर्कस होऊन गेलेली. काँक्रीटवर माती आणि झाडांच्या सालींचा भुगा पसरलेला तसाच होता, त्यामुळे पडणाऱ्याची हाडं वाचणार होती. सर्कशीतल्या जनावरांचा वास मात्र त्या मातीत मुरलेला होता.

अडचण लांबीरुंदीची. मैदान भरलं ८० यार्डांचं आणि कडेच्या रेषा थेट भिंतींना भिडलेल्या. म्हणून त्या रात्रीपुरते नियम केले गेले. संघाने मध्यरेषा ओलांडली की चेंडू २० यार्ड मागे न्यायचा, म्हणजे कमी पडलेलं अंतर भरून निघेल. किक-ऑफ १० यार्डांच्या रेषेवरून. फील्ड गोलला बंदी. गोलखांब मागे ठेवायला जागा नाही, म्हणून गोलरेषेवर. आणि चेंडू भिंतीजवळ थांबला तर आत आणूनच पुढची चाल सुरू करायची, नाहीतर खेळाडू भिंतीवर आदळून जायबंदी व्हायचे. हा शेवटचा नियम सुरक्षेपोटी आलेला. पण त्यामुळे कडेला सापडलेल्या संघालाही दोन्ही बाजूंना चाल करता येऊ लागली, आणि ती गोष्ट तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसली.

११,१९८ प्रेक्षक आले. तीन चतुर्थांश सामना कोराच गेला, त्या हंगामाला साजेसाच. चौथ्या भागात बेअर्सच्या डिक नेस्बिटने पोर्ट्समथच्या एस गुटोव्स्कीचा पास मधेच पकडला आणि चेंडू पोर्ट्समथच्या ७ यार्डांवर आणला. नागुर्स्कीने धडका दिल्या, गोलरेषा काही ओलांडता आली नाही. चौथं डाउन, अंतर दोनेक यार्ड. सगळ्या बचावाला वाटलं, पुन्हा नागुर्स्कीच घुसणार. तो घुसायला निघालाही. एक-दोन पावलं पुढे, मग थांबून मागे, आणि उडी मारून एंड झोनमध्ये मोकळ्या असलेल्या ग्रेंजकडे पास. टचडाउन, सहा गुण.

पॉट्सी क्लार्क धावत आले. नागुर्स्की रेषेच्या पाच यार्ड मागे नव्हताच, असं त्यांचं म्हणणं. रेफरी बॉबी कान यांनी निर्णय बदलला नाही. एंगेब्रेट्सनने जादा गुण घेतला, ७-०. मग पोर्ट्समथच्या म्यूल विल्सनच्या हातून पंटच्या वेळी चेंडू निसटून एंड झोनबाहेर गेला, सेफ्टी, ९-०. नागुर्स्की पाच यार्ड मागे होता की नाही, यावर वाद घालणारे अजूनही आहेत. मला त्या वादापेक्षा क्लार्क यांची तक्रार कशाबद्दल होती ते मोलाचं वाटतं. सामन्यातली सर्वांत सुरेख चाल बेकायदा ठरवावी असं नियम सांगत होता. मग चूक चालीची नव्हती, नियमाची होती.

२५ फेब्रुवारी १९३३ ला पिट्सबर्गमध्ये मालकांची बैठक झाली. हॅलस आणि बोस्टनचे मार्शल यांनी पुढाकार घेतला आणि लीगने पहिल्यांदा कॉलेजच्या नियमांपासून ठळक फारकत घेतली. पास स्क्रिमेज रेषेच्या मागून कुठूनही टाकता येईल. चेंडू कडेच्या रेषेपासून १० यार्ड आत आणून चाल सुरू होईल, त्यासाठी मैदानावर हॅश मार्क आखायचे. गोलखांब गोलरेषेवर. तिन्ही गोष्टींचं मूळ शिकागो स्टेडियममधल्या त्या रात्रीत आहे, पण मालकांनी हात वर केले ते आधीच्या दहा बरोबऱ्या पाहून, असं मला वाटतं. ८ जुलैला मार्शल यांचा आणखी एक प्रस्ताव मान्य झाला. लीगचे दोन विभाग आणि दोघांच्या विजेत्यांत दरवर्षी एक ठरलेला अंतिम सामना. टक्केवारीवर विजेता ठरवण्याची पद्धत तिथे संपली.

परिणाम लगेच दिसला. १९३३ मध्ये दहा संघांचे ५७ नियमित सामने झाले आणि बरोबरीत सुटले फक्त ५. १७ डिसेंबर १९३३ ला रिग्ली फील्डवर पहिला ठरलेला अंतिम सामना झाला, बेअर्स २३, न्यूयॉर्क जायंट्स २१. त्यात जॅक मँडर्सने तीन फील्ड गोल मारले, जे खांब दहा यार्ड मागे असताना अवघडच होते. आणि विजयी टचडाउनची सुरुवात नागुर्स्कीच्याच उडी मारून टाकलेल्या पासने झाली. बिल ह्यूइटने तो झेलला आणि मागून येणाऱ्या बिल कारकडे चेंडू सोपवला. या वेळी कुणी प्रशिक्षक रेफरीकडे धावला नाही. हॅश मार्क पुढे आणखी आत सरकत गेले, १९३५ मध्ये १५ यार्डांवर, १९४५ मध्ये २० यार्डांवर, आणि १९७२ मध्ये ७० फूट ९ इंचांवर. गोलखांब मात्र १९७४ मध्ये पुन्हा एंड झोनच्या मागे गेले, कारण तोवर किक मारणारे इतके तयार झाले होते की फील्ड गोलच फार व्हायला लागले होते.

पोर्ट्समथला यातलं फारसं काही लाभलं नाही. डच क्लार्क १९३३ मध्ये खेळला नाही, संघ ६-५ वर थांबला, आणि चाळीस हजारांच्या गावाला मंदीत संघ पोसणं जमेना. १९३४ मध्ये रेडिओच्या धंद्यातले जॉर्ज रिचर्ड्स यांनी सुमारे ८,००० डॉलरना तो विकत घेऊन डेट्रॉइटला नेला आणि नाव ठेवलं लायन्स. क्लार्क त्याच वर्षी परतला. १९३५ च्या अंतिम सामन्यात लायन्सनी जायंट्सना २६-७ असं हरवलं, तेव्हा प्रशिक्षक पॉट्सी क्लार्कच होते आणि संघात प्रेस्नेल, गुटोव्स्की आणि डच क्लार्क तिघेही होते.